फळ काढू, फांदी राखू

(तिरफळाचा हंगाम तोंडावर असताना प्रभागसंघाच्या मासिक मेळाव्यात केलेलं हे भाषण. भातशेतीच्या कामामुळे ज्या सख्यांना येता आलं नाही, त्यांनी मागितलं म्हणून इथे देत आहे. – क्षेत्र समन्वयक)



बचत आणि कर्जफेडीचं बोलणं झालं. आता थोडा वेळ तिरफळावर बोलूया. तुम्ही म्हणाल, ही शिकून आलेली पोरगी आम्हाला तिरफळ काय सांगणार? बरोबर आहे. तिखल्यात तिरफळ कधी टाकायचं हे मला तुमच्याच चुलीपाशी कळलं. पण गेल्या हंगामात आपल्या प्रभागातल्या गावांत फिरताना जे बघितलं, त्यावरून वाटलं की पाऊस उघडायच्या आत आपण सगळ्यांनी मिळून काही गोष्टी ठरवायला हव्यात. पाऊस उघडला की आकडी आणि कोयता घेऊन माणसं निघतील. मग ठरवून उपयोग नाही.

आधी झाडाची ओळख. नव्या सुना आणि मुली बसल्यात, त्यांच्यातल्या काहींनी तिरफळ फक्त बरणीत बघितलंय.

तिरफळाचं झाड उंच वाढतं. आंब्यासारखं पसरट नसतं, सरळ वर जातं. खोडावर जाड, शंकूसारखे काटे असतात, आणि फांद्यांवरही काटे. पानं फांद्यांच्या टोकाशी दाटीने येतात. चुरगाळून वास घ्या, लिंबाच्या पानाची आठवण येईल. त्यात नवल नाही, कारण लिंबू, बेल, कढीपत्ता आणि तिरफळ ही सगळी एकाच कुळातली. शास्त्रीय नाव झँथॉक्सायलम ऱ्हेत्सा. कुठे याला चिरफळ म्हणतात, कुठे तेफळ. सह्याद्रीच्या उतारावर, कोकणात, गोव्यात आणि खाली कारवार-केरळपर्यंत हे झाड रानात आपसूक उगवतं. आपल्याकडे ते मेरेवर, परसाच्या कडेला, देवराईत दिसतं. मुद्दाम लावलेलं फार थोड्या घरी असेल.

याच्या बहिणी दूरदूर नांदतात. उत्तराखंडात आणि नेपाळात तिमूर नावाचं काटेरी झाड आहे. तिथे त्याची फळं चटणीत घालतात आणि काडीने दात घासतात. चीनमधल्या सिचुआन प्रांतातला जीभ झिणझिणवणारा मसाला आणि जपानमधला सान्शो हेही याच घराण्यातले. म्हणजे बघा, आपण बांगड्यात जे टाकतो, त्याच्या बहिणींना जगभर मान आहे. आपलं तिरफळ मात्र आठवडा बाजारात गोणपाटावर, काटक्या आणि बिया मिसळलेल्या ढिगात विकलं जातं.

आता मुख्य गोष्ट. तिरफळाचे घोस फांद्यांच्या टोकाला येतात. झाड उंच, वर काटे. त्यामुळे काढणारा माणूस सोपा मार्ग धरतो. एक एक घोस काढत बसत नाही, कोयत्याने फांदीच खाली पाडतो. खाली बसून घोस तोडायचे, फांद्या सरपणाला. दिवसभराचं काम दोन तासांत होतं. पण ज्या टोकांवर पुढच्या वर्षी घोस यायचे, ती टोकंच आपण चुलीत घालतो. झाड मग पुढची एक-दोन वर्षं नुसता पाला आणि नवीन फुटवे काढण्यात घालवतं. फळ नाहीच, किंवा मूठभर.

आपल्या प्रभागातल्या एका वाडीत हे घडलेलं आहे. नाव घेत नाही, त्या वाडीच्या बायका इथे बसल्यात. घरच्या पुरुषाने उभ्या झाडांच्या फळाचे ठोक पैसे घेतले. घेणाऱ्याची माणसं आली, फांद्या छाटून फळ घेऊन गेली. त्या घरातल्या काकी मला म्हणाल्या, "पैशे किती घेतल्यानी ता माका म्हायत नाय. माझ्या बरणीक पण तिरफळा उरली नाय." यंदा ती झाडं वरून बोडकी दिसतात. आणि काकी स्वतःच्या झाडाचं तिरफळ बाजारातून विकत आणतात.

या एका गोष्टीत तीन प्रश्न आहेत. झाडाचं काय? पैशाचं काय? आणि निर्णय कोणी घेतला? तिन्हींवर बोलूया.

पहिला प्रश्न, झाड.

काढणीची रीत बदलूया. बांबूला आकडी बांधा, किंवा आंब्याला वापरतो तो झेला घ्या, आणि घोसाच्या देठाशी काढा. बोटाएवढी डहाळी आली तर हरकत नाही, मनगटाएवढी फांदी आली तर हरकत आहे. एवढं साधं माप लक्षात ठेवा. खाली ताडपत्री किंवा जुनी साडी अंथरा, म्हणजे फळ गवतात हरवणार नाही. सगळं काढू नका. शेंड्याकडचे घोस तसेच राहू द्या. पाखरांना मिळतील, बी पडेल, रोपं येतील.

झाडावर चढणारा बहुतेक पुरुषच असतो, पण त्याला काही झालं तर घर आपणच ओढतो. ओल्या खोडावर चढू देऊ नका. शिडी असेल तर शिडी लावा. काटा रुतला तर पूर्ण काढून जखम साबणाने धुवा, आणि धनुर्वाताची सुई घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर उपकेंद्रात जा. तिरफळ हाताळलेले हात डोळ्यांना लावू नका, बाळाला घ्यायच्या आधी हात धुवा.

रोपांचंही बोलायला हवं. तिरफळाचं बी काळं, चकचकीत असतं. त्यावर तेलकट कवच असतं, त्यामुळे ते सहज रुजत नाही. या कुळातल्या झाडांचं बी पेरायच्या आधी राखेच्या पाण्यात चोळून धुतात, ते यासाठीच. बी ताजं असतानाच पिशव्यांत पेरा आणि थोडी जास्त पेरा, कारण सगळं उगवणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या झाडाखाली आपसूक आलेली रोपं पावसात मातीसकट उचलून मेरेवर लावायची. एक लक्षात घ्या, या कुळातल्या बऱ्याच झाडांत नर फुलं एका झाडावर आणि मादी फुलं दुसऱ्या झाडावर असतात. म्हणून एकच रोप लावून वाट बघत बसू नका, चार-पाच लावा. आणि फळ न देणारं एखादं झाड "वांझ" म्हणून तोडू नका. कदाचित त्याच्यामुळेच शेजारचं झाड फळत असेल. तसाही तो शब्द आपण बायांनी झाडासाठीसुद्धा वापरू नये.

डोंगर कसे साफ होतायत ते तुम्ही रोज बघता. काजू, रबर, अननस यांसाठी रान उतरवलं जातं. पीक लावायला माझा विरोध नाही, घर चालायला हवं. पण यंत्र लावायच्या आधी त्या जमिनीतल्या तिरफळांवर चुन्याचा पट्टा ओढून "हे ठेवा" एवढं सांगायला काय हरकत आहे? मेरेवरचं झाड काजूला आड येत नाही. आणि या झाडावर जगणारे आपण एकटे नाही. सह्याद्रीत मलबार बँडेड पीकॉक नावाचं मोठं हिरवं-निळं फुलपाखरू आहे, त्याच्या अळ्या तिरफळाच्या पानांवर वाढतात. केरळने २०१८ मध्ये त्याला राज्य फुलपाखरू केलं. झाड गेलं की त्याचंही घर गेलं.

दुसरा प्रश्न, पैसा.

तिरफळात मोल कशाला आहे? टरफलाला. आतलं काळं बी कुणाला नको असतं. दाताखाली कचकच लागतं आणि चवीला कडवट. वास, झणझणीतपणा, सगळं टरफलात. आणि आपण विकतो काय? टरफल, बी, देठ, काटकी, पालापाचोळा, सगळं एकत्र. मग घेणारा म्हणतो, "माल खराब आहे, एवढाच भाव." आपण मान डोलावतो.

चांगला माल कसा होतो ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी एकदा क्रमाने सांगते. फळ हिरवं पण पूर्ण भरलेलं असताना काढायचं. कोरडा दिवस बघायचा, कारण पावसात काढलेलं काळं पडतं, बुरशी येते. खळ्यात ताडपत्रीवर पातळ पसरायचं आणि दिवसातून दोनदा हलवायचं. संध्याकाळी आत घ्यायचं, दवात ठेवायचं नाही. टरफल उकलून बी आपोआप सुटायला लागलं की वाळलं समजायचं. मग हलक्या हाताने चोळायचं, सुपात पाखडायचं, देठ वेचायचे. पूर्ण थंड झाल्यावर हवाबंद डब्यात भरायचं. वास हीच त्याची किंमत, डबा उघडा राहिला की किंमत उडून जाते.

पण साफ केलं की पैसे आपोआप वाढतात, असं डोळे मिटून धरू नका. हिशेब करूया. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, हा बाजारभाव नाही.

समजा, एका गटाकडे बीसकट वाळलेलं १० किलो तिरफळ आहे. व्यापारी किलोला १०० रुपये देतो. म्हणजे जागेवर १००० रुपये.

आता तेच साफ केलं आणि निम्मं वजन बी आणि देठांत गेलं असं धरू. राहिलं ५ किलो टरफल. हे सुटं विकलं आणि किलोला २०० रुपये मिळाले, तर पुन्हा १००० रुपयेच. पाखडण्याची मेहनत फुकट गेली. म्हणजे या हिशेबात २०० च्या वर भाव मिळाला तरच साफ करण्यात अर्थ.

आता पाकिटं करू. ५ किलोची ५० ग्रॅमची १०० पाकिटं होतात. २० रुपयांना एक विकलं तर २००० रुपये. पाकीट, लेबल, प्रवास मिळून ५०० रुपये गेले, उरले १५००. व्यापाऱ्याला दिलं असतं तर १००० मिळाले असते, म्हणजे आपली जादा कमाई ५०० रुपये. त्यासाठी चार बायका दोन दिवस राबल्या. आठ रोजांत ५०० वाटले तर रोजाला ६२ रुपये ५० पैसे. सांगा, या रोजावर तुम्ही कुणाच्या शेतात जाल का?

(इथे सभेत हशा झाला, आणि एक वयनी मागून म्हणाल्या, "शेजारणीच्या लग्नाक फुकट राबतंव ता येगळा!")

मग तेच पाकीट ३० रुपयांना विकलं तर? ३००० मधून ५०० खर्च वजा, २५०० उरले. जादा कमाई १५०० रुपये. आठ रोजांत रोजाला १८७ रुपये ५० पैसे. चित्र बदललं. म्हणजे पाकिटाची किंमत "शेजारचा गट २० ला देतो" म्हणून ठरवायची नाही, आपला रोज धरून ठरवायची. आपली मेहनत खर्चात धरलीच पाहिजे. आपण ती धरत नाही, म्हणून आपला माल स्वस्त आणि आपण दमलेल्या.

या हिशेबासाठी खरे आकडे हवेत, ते तुमच्याकडूनच यायचेत. यंदा प्रत्येक गटाने तीन वजनं लिहून ठेवायची आहेत. ओल्या फळाचं वजन, वाळल्यावरचं वजन आणि बी-देठ काढल्यावर टरफलाचं वजन. एकदा तीन रकाने भरले की पुढच्या वर्षी व्यापाऱ्यासमोर आपण अंदाजाने बोलणार नाही. आणि पाच गटांनी माल एकत्र केला तर भाव विचारायला आपण जाणार नाही, विचारायला तो येईल.

पाकिटाचं अजून थोडं. खाद्यपदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते. छोट्या उत्पादकांसाठी सोपी मूळ नोंदणी आहे, ऑनलाइन होते, आपण एकत्र बसून भरू. पाकिटावर पदार्थाचं नाव, निव्वळ वजन, पॅक केल्याची तारीख, किती काळ वापरावं, किंमत, गटाचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक आणि हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूण, हे सगळं हवं.

आणि नाव मोठ्या अक्षरात "तिरफळ". खाली लिहा, "मसाल्याचा पदार्थ". का ते सांगते. शहरातल्या एका प्रदर्शनात आपल्या स्टॉलवर एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "त्रिफळा आहे ना? रात्री कोमट पाण्यातून किती घ्यायचं?" हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून होतो तो त्रिफळा. त्याचा आपल्या तिरफळाशी संबंध नाही. नावातला हा घोळ देशावर सर्रास आहे. त्यामुळे लेबलच्या मागे चार ओळी वापरायची रीत द्या. चार-पाच टरफलं घ्या, बी असेल तर काढून टाका. हलकं ठेचून थोड्या पाण्यात भिजवा. बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट मासळीच्या कालवणात शेवटी शेवटी घाला, वाटणात बारीक वाटू नका. मासळी न खाणाऱ्यांसाठी गोव्याच्या खतखत्याचं नाव लिहा, त्यातही तिरफळ लागतंच. आणि जेवताना टरफल ताटाच्या कडेला काढून ठेवायचं असतं, हेही लिहा. ज्याने कधी खाल्लं नाही तो चावून बसेल, जीभ बधिर झाली म्हणून घाबरेल.

आता औषधाचं. यावर मला नीट बोलायचं आहे, कारण इथे फायदाही आहे आणि धोकाही.

जीभ झिणझिणते ती कशाने? या कुळातल्या फळांत सान्शूल नावाचं द्रव्य असतं. जपानी सान्शोवरूनच त्याला हे नाव पडलं. ते जिभेच्या नसांना चाळवतं, म्हणून मुंग्या येतात आणि थोडं बधिर वाटतं. दाढ दुखली की आजी तिरफळ दाताखाली धरायला सांगायची, ते उगाच नव्हतं. अमेरिकेतसुद्धा या कुळातल्या एका झाडाला लोक दातदुखीचं झाड म्हणतात. पण दुखणं बधिर होणं आणि कीड जाणं या दोन गोष्टी वेगळ्या. रात्र निघायला तिरफळ चालेल. सकाळी दवाखाना गाठायचाच. गाल सुजला, ताप आला, तर रात्रीचीही वाट बघायची नाही.

दुसरा उपाय बाळंतिणीचा. खोडावरचा काटा सहाणेवर पाण्यात उगाळून छातीला लेप लावतात. ठणका कमी होतो, दूध वाढतं असं म्हणतात. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांनीही ही रीत याच झाडाच्या नावावर नोंदवलेली आहे. म्हणजे ही आपल्या बायांची विद्या आहे आणि तिचा मला आदर आहे. तरी हात जोडून सांगते, छाती लाल झाली, गरम लागली, गाठ आली, अंगात ताप भरला, तर तो लेपाचा विषय राहत नाही. आशाताईंना बोलवा, आरोग्य केंद्रात न्या. तोपर्यंत बाळाला पाजणं बंद करू नका, दूध साचलं की त्रास वाढतो. आणि लेप लावलेला असेल तर पाजायच्या आधी स्वच्छ पुसून काढा, बाळाच्या तोंडात तो जाता कामा नये. गरोदरपणात साल, काटा, काढा, काहीही मनाने पोटात घेऊ नका. कालवणातल्या चार टरफलांबद्दल मी बोलत नाही.

आणि पाकिटावर "दातदुखीवर रामबाण", "पोटाच्या सर्व विकारांवर" असलं काही छापू नका. मसाला म्हणून नोंदणी घेऊन रोग बरा करण्याचा दावा करणं कायद्यात बसत नाही. तिरफळ चवीवर विकलं जातं. तेवढं पुरेसं आहे.

तिसरा प्रश्न, निर्णय कोणाचा?

आपल्यातल्या किती जणींच्या नावावर जमीन आहे? मी हात वर करायला सांगत नाही, उत्तर सगळ्यांना माहीत आहे. सातबारा सासऱ्यांच्या, दिरांच्या, नवऱ्याच्या नावावर. पण तिरफळ वाळवतं कोण, पाखडतं कोण, वर्षभर पुरवतं कोण? आपण. म्हणून सौदा होण्याआधी घरात एकदा बोलणं झालं पाहिजे. भांडण नको. एवढंच म्हणा, "फळाचा सौदा गट करेल. फांदी तुटणार नाही आणि पैसे जास्त येतील." आकडे हातात असले की घरातले पुरुष ऐकतात. नाही ऐकलं, तर मला बोलवा, आपण दोघी बसून बोलू.

सामाईक जमिनीवरची आणि देवराईतली झाडं कुणा एकट्याची नाहीत. देवराईतलं घ्यायचं की नाही, ते गावाच्या रीतीने आणि मानकऱ्यांना विचारूनच. रानातल्या झाडांसाठी २००६ चा वन हक्क कायदा आहे. पिढ्यान् पिढ्या रानावर जगणाऱ्या आदिवासी आणि इतर पारंपरिक कुटुंबांना तिथलं गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क या कायद्याने मानला आहे. दावा ग्रामसभेमार्फत जातो. त्यासाठी जी वन हक्क समिती असते, तिच्यात किमान एक तृतीयांश महिला हव्यात. तसंच २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावातली झाडं, वनस्पती आणि त्यांची माहिती लोक जैवविविधता नोंदवहीत लिहिणं हे तिचं काम. तिच्यातही एक तृतीयांश महिला हव्यात. पुढच्या ग्रामसभेत उठून फक्त दोन प्रश्न विचारा. या समित्यांत आमच्या कोण बायका आहेत? आणि नोंदवहीत तिरफळ लिहिलंय का? पुष्कळदा नावं कागदावर असतात आणि ज्या बाईचं नाव आहे तिलाच पत्ता नसतो. काट्याचा लेप, तिखल्याची रीत, कुठल्या वाडीत किती झाडं, हे त्या वहीत आपल्या तोंडून गेलं पाहिजे.

आता काय ठरवायचं ते सांगते. तीन ठराव मी मांडते, पटले तर आपापल्या गटाच्या बैठकीत घ्या आणि इतिवृत्तात लिहा.

एक, या हंगामात आमच्या गटातली कोणतीही सदस्य फांदी तोडून तिरफळ काढणार नाही, आणि फांदी तोडून आलेला माल गट घेणार नाही.

दोन, प्रत्येक गट तीन वजनांची नोंद ठेवेल. माल साफ करून ग्रामसंघात एकत्र आणेल. पैसे जिने माल दिला तिच्याच बचत खात्यात जातील.

तीन, प्रत्येक गट आपल्या वाडीतल्या तिरफळाच्या झाडांची यादी करेल. झाड कुणाच्या जमिनीत आहे, फळ देतं की नाही, फांद्या छाटल्यात का, एवढंच लिहायचं. आणि प्रत्येक गट किमान दहा पिशव्या बी पेरेल.

"फांदी न तोडता काढायचं तर माणसाची मजुरी वाढेल, ती कोण देणार?" असा प्रश्न एका ताईंनी आताच चहाच्या वेळी विचारला. प्रश्न अगदी रास्त आहे. मजुरी वाढेलच. म्हणूनच दुसरा ठराव पहिल्याला जोडून आहे. माल साफ होऊन, एकत्र होऊन चांगल्या भावाने गेला तरच ती मजुरी निघेल. नुसतं "झाडं वाचवा" म्हणून झाडं वाचत नाहीत, चूलही चालली पाहिजे. पहिल्या वर्षी ग्रामसंघाच्या निधीतून आकड्या आणि ताडपत्र्या घेता येतील का, यावर आजच चर्चा करू. आणि हंगाम संपल्यावर हिशेब तोट्यात गेला, तर तोही याच सभेत उघड मांडू आणि रीत सुधारू.

ज्या गटांच्या गावात तिरफळाचं एकही झाड नाही, त्यांनी गप्प बसू नये. पाखडायला, पॅकिंगला, विक्रीला हात लागतीलच. शिवाय त्यांच्या मेरा रिकाम्या आहेत, रोपं तिथेच जायची आहेत. फळ लगेच येणार नाही, काही वर्षं थांबावं लागेल. पण इथे बसलेल्या लहान मुली तेव्हा गटाच्या सदस्य झालेल्या असतील.

पुढच्या मेळाव्याला येताना झाडांची यादी आणि वजनांची वही दोन्ही घेऊन या. वही नसेल त्यांनी जाताना माझ्याकडून न्या, रकाने आखून ठेवलेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या पोरांना कामाला लावा. आणि हो, आकडी बांधायला चांगला बांबू कुणाकडे असेल तर आजच सांगून जा.